फराहबाग म्हणजे नेमकं काय? तळ्यातल्या महालाची गोष्ट

अहिल्यानगर : नगरहून सोलापूर रस्त्याने निघालं की भिंगारच्या बाजूला फराहबाग लागते. बरेच जण तिला फरियाबाग म्हणतात. लांबून घुमट दिसला की कुणी मशीद समजतं, कुणी कबर. खरं तर हा निजामशाही घराण्याचा विसाव्याचा महाल.

कुणी बांधला?
मुर्तझा निजामशहाच्या काळात (१५६५ ते १५८८). आधी झालेलं काम पसंत पडलं नाही म्हणून सलाबत खानाने ते पाडून नव्याने बांधून घेतलं. १५८३ मध्ये महाल पुरा झाला. शहा डोंगरावर ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती याच सलाबत खानाची कबर.

मुर्तझाला लोक 'दिवाणा' म्हणत. कारभार दुसऱ्यांवर टाकून तो एकांतात राही. इथं दिल्लीहून आलेल्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे. त्या गवयासाठी त्याने बागेत लाकडी महालही बांधला होता. शेवटी १५८८ मध्ये पोटच्या पोरानेच त्याचा जीव घेतला.

उन्हाळ्यात गारवा कसा?
महाल आठकोनी, दुमजली आणि तळ्याच्या मधोमध आहे. मधे घुमटाचं उंच दालन, चारी अंगांना मोठाल्या कमानी. पाण्यावरून येणारा वारा कमानीतून आत शिरायचा, गरम हवा वर घुमटाकडे जायची. जाड भिंतींमुळे ऊन आत पोचायचं नाही. आपला कूलर चालतो तोच हा हिशोब, फक्त विजेशिवाय.

पाणी यायचं कुठून?
त्या काळी नगरला आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणत. हे भाजक्या मातीचे नळ जमिनीखालून उताराने टाकलेले असत. मोटर नाही, पंप नाही. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावांनी ही अक्कल एकदा बघण्यासारखी आहे.

आज काय उरलं?
तळं कोरडं पडलंय. चुन्याच्या गिलाव्याची नक्षी मात्र अजून जागोजाग टिकून आहे. ती खिळ्याने खरवडली, नाव कोरलं, की ढलपा निघतो आणि त्या भेगेतून पावसाचं पाणी भिंतीत मुरतं. राजासाठी केलेली ही बाग आज आपल्या सगळ्यांची आहे. पोरांना रणगाडा संग्रहालय दाखवायला नेलं, तर जवळच असलेली फराहबागही दाखवा. फोटो हवे तेवढे काढा, भिंतीला हात लावू नका.