अजून न आलेल्या बातमीची गोष्ट

इंग्रजी भाषेतलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं वर्तमानपत्र म्हणजे एक सुटा कागद. तारीख २ डिसेंबर १६२०. छापलं लंडनला नव्हे, ॲमस्टरडॅमला! आणि त्यातलं पहिलंच वाक्य काय? इटलीच्या नव्या बातम्या अजून आलेल्या नाहीत.

वर्तमानपत्राचा श्रीगणेशा बातमी नसल्याच्या बातमीनं. हसू येतं खरं, पण त्या वाक्यातलं क्रियापद जरा कान देऊन ऐका. आजचा इंग्रज बातमीदार इथे ‘हॅव नॉट येट कम’ लिहील. त्या कागदावर मात्र आहे ‘आर नॉट येट कम’. शाळेत आपण असं लिहिलं असतं, तर बाईंनी लाल रेघ ओढली असती.

पण ही चूक नव्हे. त्या काळच्या इंग्रजीत येणं, जाणं, पोहोचणं अशा क्रियापदांच्या जोडीला सर्रास ‘इज’ किंवा ‘आर’ बसत असे. लगेच पुढची बातमी पाहा. फ्रेंच वकिलानं एका सरदाराचं प्रेसबर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाला, इतमामानं दफन करवलं. तिथे ‘आर’ किंवा ‘इज’ नाही, ‘हॅथ’ आहे. आजच्या ‘हॅज’चं जुनं रूप. वकिलानं काही केलं, बातम्या मात्र नुसत्या यायच्या होत्या. करणं आणि येणं यांतला फरक त्या एवढ्याशा सहायक क्रियापदात मावला होता! फ्रेंच आणि जर्मन भाषांनी तो आजही सांभाळलाय. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘हॅव’नं जवळजवळ सगळ्या जागा बळकावल्या.

मराठीला हा भेद परका नाही. आपण तो दुसरीकडे ठेवलाय इतकंच. ‘वकिलानं दफन केलं’, पण ‘बातमी आली’. करणाऱ्याला ‘नं’ चिकटतो, येणारी मोकळीच येते.

आणि तेव्हा बातमी खरोखरच यायची. याच कागदावर व्हिएन्नाच्या मजकुरावर तारीख आहे ६ नोव्हेंबर. म्हणजे छापून होईपर्यंत २६ दिवस गेले! बातमी म्हणजे टपालाच्या थैलीतलं पत्र. तिला वजन होतं, ती पावसात भिजायची, वारा पडला की जहाजात अडकायची. म्हणूनच त्या काळची वर्तमानपत्रं महत्त्वानुसार न मांडता गावानुसार मांडलेली दिसतात: अमुक गावाहून, अमुक तारखेचं. गाव आणि तारीख यांची ती जोडी आजही बातमीच्या डोक्यावर बसलेली असते. वाचकाला घटनेइतकंच हेही कळायला हवं होतं, की ही कुठून निघाली आणि कधी.

तेव्हा ते पहिलं वाक्य पुन्हा वाचा. इटलीत काही घडलंच नाही, असं ते म्हणत नाही. घडलं असेल, ते वाटेत आहे. एसटीच्या फलाटावर उभं राहून ‘गाडी अजून आली नाही’ म्हणावं, तसं.

त्या कागदाचा विक्रेता होता पीटर व्हान डेन केरे. पेशानं नकाशे कोरणारा. कागदाच्या तळाशी त्याच्या दुकानाचा पत्ता आहे: काल्व्हर रस्ता, ‘अनिश्चित काळात’.