दुरंगी पानांची हॉली : निवड व निगा
ब्रिटनमधील उद्यानांत सोनेरी किंवा रुपेरी कडांच्या पानांचा सदाहरित हॉली वृक्ष आवडीने लावला जातो. त्याचे सौंदर्य पाने व लाल फळे या दोहोंत आहे. हॉलीत नर व मादी फुले सामान्यतः वेगवेगळ्या झाडांवर येतात. त्यामुळे फळे मादी झाडालाच, तीही जवळपास नर झाड असल्यास धरतात. येथे नावावर विसंबू नये : ‘गोल्डन किंग’ मादी आहे, तर ‘सिल्व्हर क्वीन’ नर. केवळ ही ‘राणी’ लावणारा फळांची वाट पाहतच राहतो. पानांबाबतही दक्षता हवी. पूर्ण हिरवी फांदी फुटल्यास ती उगमापाशीच छाटावी. अन्यथा अधिक हरितद्रव्यामुळे ती जोमाने वाढते आणि दुरंगी फांद्या मागे पडतात.