नर्सबाई आणि मोबाइल

सपाट भागात ५,००० व डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असे आपल्याकडे शासनाचे प्रमाण आहे. तेथल्या नर्सबाई शिकलेल्या असतात. पण अडलेली बाळंतीण काही रोज येत नाही, आणि जे क्वचित करावे लागते ते हात विसरतात. जन्मलेले मूल रडले नाही, तर पहिल्या मिनिटातच त्याला श्वास द्यायला लागावे लागते. त्या वेळी पुस्तक कोण उघडणार?

डेन्मार्कच्या 'मॅटर्निटी फाउंडेशन' या संस्थेने यासाठी 'सेफ डिलिव्हरी' हे मोबाइलवरचे ॲप तयार केले. मुलाला श्वास कसा द्यावा, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कसा आवरावा, हे त्यात छोट्या चलच्चित्रांतून दाखविले आहे. एकदा उतरवून घेतले की पुन्हा नेटवर्क लागत नाही; खेड्यात हीच मोठी गोष्ट! ग्रामीण इथिओपियातील ७३ आरोग्यसंस्थांत त्याची पारख झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ते वापरणाऱ्यांचे मुलाला श्वास देण्याचे कसब वर्षानंतरही सरस होते. मात्र बालमृत्यू त्यामुळे घटले, असे निश्चितपणे सिद्ध झाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

व्हॉट्सॲपच्या गटाची गोष्ट निराळी. तेथे शंका विचारता येते, उत्तर द्यायला माणूस असतो. पण रुग्णाचे छायाचित्र, नाव, गाव क्षणात कितीतरी हातांत जाते. आपल्या बहिणीचे छायाचित्र असे फिरलेले आपल्याला चालेल काय?

शिवाय नुसते पाहून हात बसत नाही. त्यासाठी सरावाची बाहुली हवी, आणि श्वास देण्याची पिशवी व मुखवटा उपकेंद्राच्या कपाटात शाबूत असायला हवा.