पेशीची पकड

पेडण्यात पाडेली माडावर चढतो तेव्हा त्याच्या हातापायांकडे बघा. हातांनी वर धरायचं, पाय सोडवून वर ओढायचे, पाय रोवले की हात पुढे. सगळंच घट्ट धरून ठेवलं तर तो तिथंच राहील, सगळंच सोडलं तर खाली येईल. आपल्या शरीरातल्या पेशी साधारण अशाच चालतात.

पेशीला हात नाहीत, पण तिच्या आवरणात इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांचं एक टोक बाहेरचे तंतू धरतं. दुसरं टोक टॅलिन या प्रथिनामार्फत पेशीच्या आतल्या सांगाड्याला जोडलेलं. सांगाडा ओढू लागला की टॅलिन ताणलं जातं, त्याच्या घड्या उलगडतात आणि उघड्या पडलेल्या जागी व्हिन्क्युलिन येऊन जोड पक्का करतं. म्हणजे ओढ लागली की गाठ आपोआप आवळते! मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. मागच्या बाजूला मात्र कॅल्पेन नावाचं विकर तेच टॅलिन कापतं आणि पेशी शेपूट सोडवून घेते. १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात पेशी सर्वांत जलद चालल्या त्या मध्यम चिकट पृष्ठभागावर.

पांढऱ्या पेशींचं काम आणखी नाजूक. रक्तातून वाहताना त्यांनी कुठंच चिकटायचं नाही. जंतू शिरले त्या जागी मात्र रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायचं. हे जमलं नाही तर?

नवं बाळ आलं की घरातली आजी नाळ कधी पडते ते बघत असते. बहुधा एक-दोन आठवड्यांत पडते. काही अगदी मोजक्या बाळांची मात्र तीन-चार आठवड्यांनंतरही पडत नाही, बेंबीला संसर्ग होतो आणि नवल म्हणजे पू धरत नाही. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या तिथं पोचतच नाहीत. रक्तात त्यांची गर्दी, जखमेत एकही नाही. आई आणि वडील, दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आल्यामुळे इंटिग्रिनचा सीडी-१८ हा भाग नीट तयार होत नाही. मुंबईत केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत डॉ. मनीषा मडकईकर आणि सहकाऱ्यांनी अशा भारतीय बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. आजार तीव्र असेल तर अस्थिमज्जा-रोपण हा मुख्य इलाज, आणि तो लवकर व्हावा लागतो.

नाळ उशिरा पडली म्हणजे हाच आजार, असं मुळीच नाही. पण तीन आठवडे उलटले आणि बेंबी लाल दिसली, तर हळद-राख लावत बसू नये. डिचोलीचं आरोग्य केंद्र असो की बांबोळीचं गोमेकॉ, बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी मोजून घ्याव्यात.