रानपिंगळ्याची ढोली आणि एका लेबलची गोष्ट

जानेवारीत मेळघाटात रानपिंगळा बघायला गेले होते. सकाळचं कोवळं ऊन, सागाची पानं निम्मीअधिक गळलेली. सोबतच्या वनरक्षकदादांनी हातानेच खूण केली, "याच्या पुढं नका जाऊ मॅडम, वर ढोलीत मादी बसलीय." थोड्या वेळात नर आला, चोचीत सरडा. हलकीशी शीळ, मादी ढोलीच्या तोंडाशी, सरडा इकडून तिकडे, आणि ती पुन्हा आत. आम्ही लांबूनच दुर्बिणीतून पाहिलं आणि वीस मिनिटांत मागे फिरलो.

आपल्या गावातला पिंगळा आणि हा दिसायला जवळचेच. पण साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास ठिपक्यांशिवाय असतं, शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि तो भर दिवसा शिकार करतो.

आता मुद्द्याकडे येऊ. 1873 मध्ये ह्यूम यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1884 मध्ये डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेल्या नमुन्यांनंतर खात्रीची एकही नोंद नव्हती. अपवाद फक्त एक: कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा, गुजरातेतल्या मांडवीजवळचा, 1914 चा नमुना. नंतर शोधणाऱ्यांना या नोंदीने चुकीची दिशा दिली.

पामेला रॅसमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो चोरलेला निघाला! डेव्हिडसन यांचाच जुना नमुना संग्रहालयातून उचलून, नव्याने भरून, त्यावर खोटं ठिकाण आणि खोटी तारीख चिकटवलेली. मग त्यांनी मांडवी बाजूला ठेवलं आणि जुन्या, खऱ्या लेबलांवरची ठिकाणं धरून शोध घेतला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा दिसला. तब्बल 113 वर्षांनी!

म्हणजे बघा, पक्षी तोच, कातडं खरं, मोजमापं खरी. खोटं होतं फक्त लेबल. संशोधनाच्या भाषेत याला मेटाडेटा म्हणतात: नोंद कुठली, कधीची, कुणी घेतली. आपण विद्यार्थी मोजमापाला जपतो आणि हे रकाने उरकून टाकतो.

हे मी उगाच सांगत नाही. त्या दिवशी मी वही सॅकमध्येच ठेवली होती. संध्याकाळी कॅम्पवर बसून लिहिलं, "नर आला, 8.10." आठ-दहा की साडेआठ? खरं सांगायचं तर आठवत नव्हतं. पण आकडा लिहिला की तो खात्रीचाच दिसतो. माझा हेतू फसवायचा नव्हता. पण ती वही वाचणाऱ्याला हेतू कसा कळणार? मी ती वेळ खोडली नाही, एका रेघेने कापली आणि शेजारी लिहिलं: "अंदाजे, 8 ते 8.30, आठवणीतून."

फील्डवर जाणार असाल तर एवढं करा:

- नोंद जागेवरच घ्या. उशिरा घेतली तर तसं लिहा.
- पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळ्या रकान्यात ठेवा. "मादी अंडी उबवतेय" हा आपला अंदाज; दिसलं ते एवढंच की ती ढोलीत परत गेली.
- चूक खोडू नका, कापा. खालचं वाचता आलं पाहिजे.

आणि हो, ढोलीचं अचूक ठिकाण माझ्या डेटाशीटमध्ये आहे, इथे नाही. डेटाशीटमध्ये ठिकाण खरंच हवं, नाहीतर पुढचा संशोधक भरकटेल. इथे दिलं, तर पुढच्या रविवारी झाडाखाली दहा कॅमेरे उभे राहतील, आणि नर सरडा घेऊन लांबच्या फांदीवर ताटकळत बसेल.