लाळ्या-खुरकूत : रक्ततपासणीचा अर्थ

रक्तात लाळ्या-खुरकुताची प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारक द्रव्ये, आढळली एवढ्यावरून धामणगाव बढे (ता. मोताळा) येथील पशुपालकांनी धडधाकट बैल कवडीमोलाने विकू नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली लस टोचली जाते व लसीनेही प्रतिपिंडे निर्माण होतात. मात्र विषाणूच्या ‘असंरचनात्मक’ प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शुद्ध लसीने सहसा उत्पन्न होत नाहीत. ती आढळल्यास संसर्ग झाला आहे वा होऊन गेला आहे, असे समजावे. संसर्गाच्या आरंभीच्या दिवसांत रक्तात प्रतिपिंडे नसतात. म्हणून तोंडात वा खुरांत फोड दिसताच जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकास बोलवावे. रक्त देताना कानातील बिल्ल्याचा क्रमांक व लस टोचल्याची तारीख अवश्य सांगावी. त्यावाचून निष्कर्षाचा अर्थ नीट लागत नाही.