शिक्षकाच्या वेळेचे माप

धान्याचे असो वा कापडाचे, माप कमी देणे व्यापारात दोष मानला जातो. शाळेत मोजून द्यावयाची वस्तू म्हणजे शिक्षकाचा वेळ. तो कमी पडला तर तोटा विद्यार्थ्याचा होतो आणि त्या तोट्याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही. म्हणूनच कायद्याने या वेळेला संरक्षण दिले आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जिल्हा परिषद व नगरपालिका शाळांतील शिक्षकांच्या दृष्टीने त्यातील तीन कलमे एकत्र वाचणे आवश्यक आहे. कलम २४ शिक्षकाची कर्तव्ये सांगते. शाळेत नियमित व वेळेवर येणे, अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक तेथे जादा शिकवणे आणि पालकांच्या नियमित सभा घेणे ही त्यांतील प्रमुख होत. यात कसूर झाल्यास, शिक्षकाला आपली बाजू मांडण्याची संधी देऊन, सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

कलम २८ अन्वये शिक्षकास खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. ही मनाई अनेकांना जाचक वाटते. परंतु मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवणे हे कलम २४ प्रमाणे शिक्षकाचे कर्तव्यच आहे आणि त्याचे वेतन त्याला मिळते. तेच ज्ञान सायंकाळी शुल्क घेऊन देणे म्हणजे एकदा मूल्य घेतलेला माल पुन्हा विकणे होय. शिवाय वर्गात जितके अपुरे शिकवावे तितकी शिकवणीची गरज वाढते. हा मोह निर्माणच होऊ नये, हा या मनाईचा हेतू आहे.

कलम २७ मात्र शिक्षकाला नव्हे, शासनाला बांधते. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीसंबंधीची कामे वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामास जुंपता येत नाही. यातील निवडणुकीचा अपवाद व्यापक आहे. मतदार यादीचे काम प्रसंगी दीर्घकाळ चालते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशी कामे सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, अध्यापनाच्या वेळेत सामान्यतः देऊ नयेत, असे स्पष्ट केले होते. शिक्षकाकडून वेळेचा चोख हिशेब मागणाऱ्या यंत्रणेने स्वतःही तो वेळ जपला पाहिजे. तथापि एकाने माप कमी दिले म्हणून दुसऱ्यालाही तशी मुभा मिळत नाही.

या व्यवहारात तिसरा पक्ष पालकांचा आहे. वर्गशिक्षकाकडेच शिकवणी लावली म्हणजे मुलाकडे विशेष लक्ष राहील, या अपेक्षेने मागणी निर्माण होते. ग्राहकाशिवाय कोणताही व्यवहार चालत नाही, हे व्यापारी कुटुंबांना सांगावे लागू नये. ज्याचे पालक शुल्क देऊ शकत नाहीत, त्या शेजारच्या बाकावरील मुलाचे लक्ष अशा वेळी कोणी हिरावले, याचाही विचार व्हावा.

समाजाच्या संस्था चालविणाऱ्या विश्वस्तांची जबाबदारी याहून अधिक आहे. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा अधिनियम अल्पसंख्याक शाळांना लागू करता येणार नाही, असा निर्णय दिला. २०२५ मध्ये त्या निर्णयाचा फेरविचार मोठ्या पीठापुढे व्हावा, असे न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सुचविले. अंतिम निकाल काहीही लागो, कायद्याची सक्ती नाही तेथे संस्थेने स्वतःच्या नियमावलीत शिकवणीची मनाई आणि अध्यापनाच्या वेळेचे संरक्षण ही दोन्ही कलमे लिहून घेणे इष्ट ठरेल.

शासकीय शाळांत शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षकांवर कलम २७ बाहेरील कामांचा भार पडत नाही ना, हे पाहण्याचे काम केंद्र शासनाच्या २०१० च्या नियमांनी समितीवर सोपविले आहे. समितीच्या बैठकीत शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर होते आणि कोणत्या कामासाठी, एवढी नोंद जरी नियमितपणे मागितली गेली, तरी त्या न लिहिलेल्या तोट्याचा हिशेब सुरू होईल.